पीयूष गोयल साहेब, इस्रायलच्या करारात पिन कोडचं कलम टाका

मा. वाणिज्य मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर 2025 मध्ये तुम्ही तेल अवीवला असताना इस्रायलसोबतच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींसाठी सह्या झाल्या. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात इस्रायल म्हटलं की ठिबक आठवतं, त्या देशाबद्दल माझ्या मनात राग नाही. पण मसुदा पक्का व्हायच्या आतच बोललं पाहिजे, नंतर कोण ऐकतं.

मुद्दा वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहतींचा आहे, तिथल्या मालाला या करारात कर सवलत मिळू नये. 1967 च्या युद्धात इस्रायलनं तो भाग घेतला आणि आता पूर्व जेरुसलेम धरून तिथं सात लाखांच्या आसपास इस्रायली नागरिक राहतात. युद्धात जिंकलेल्या जमिनीवर आपली माणसं नेऊन वसवायची नाहीत, हे युद्धात सामान्य माणसांना संरक्षण देणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम 49 मध्ये आहे, आणि 1998 च्या रोम कायद्यात (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यावर चालतं तो करार) तर तो युद्धगुन्हाच धरलाय, थेट नेलं काय नि आडमार्गानं नेलं काय. म्हणजे गाड्या भरून लोक न्यायची गरज नाही, सरकारनं जमीन दिली, रस्ता-पाणी दिलं, घराला सवलत दिली, वर लष्कराचा बंदोबस्त दिला की लोक आपोआप जातात, आणि तिथं पिढ्यान्‌पिढ्या जैतून लावणारा पॅलेस्टिनी शेतकरी स्वतःच्याच वावरात जायला परवानगी मागत बसतो. शेतकरी म्हणून मला हे सहनच होत नाही.

हमासनं 7 ऑक्टोबर 2023 ला इस्रायलवर हल्ला करून जे केलं तोही गुन्हाच, पण एका गुन्ह्यानं दुसरा माफ होत नाही. इस्रायल म्हणतं तिथं जिनिव्हा करार लागूच होत नाही, पण त्यांच्याच परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी 1967 मध्येच सरकारला लेखी कळवलं होतं की अशी वस्ती कराराच्या विरोधात जाईल.

आपण रोम कायद्यात नाही, मान्य. जिनिव्हा करारात मात्र आहोत, 1960 चा आपल्या संसदेचा कायदाच आहे त्यावर. शिवाय 19 जुलै 2024 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं (संयुक्त राष्ट्रांचं, वरच्या फौजदारी न्यायालयाहून वेगळं) सांगितलं की हा कब्जा बेकायदेशीर आहे आणि तो टिकायला हातभार लागेल असा व्यापार इतर देशांनी करू नये. ते मत सल्ल्याचं आहे, तरी जगातलं सगळ्यात मोठं कोर्ट आहे ते. आणि सप्टेंबर 2025 ला दिल्लीत गुंतवणूक करारावर सही करायला आलेले त्यांचे अर्थमंत्री स्मोट्रिच स्वतः केदुमिम या वसाहतीत राहतात, याचा तरी विचार व्हावा.

युरोपनं यावर साधा उपाय काढलाय. माल कुठल्या गावात तयार झाला ते नाव आणि पिन कोड कागदावर लागतो, वसाहतीचा निघाला तर आयात करात सवलत नाही. आमच्या जळगावच्या केळीला 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा माल कुठल्या मातीतला हे आपल्याच सरकारनं महत्त्वाचं मानलं, मग जॉर्डन खोऱ्यातल्या वसाहतीच्या खजुराला तोच नियम का नको?

हे कलम मसुद्यात घ्या, आणि घेणार नसाल तर का नाही ते संसदेत सांगा.

आपला,
एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव