केबल घेण्याआधी हे वाच

प्रिय बाळा,

काल फोनवर तू विचारलंस की बाबा, वर्कशॉपच्या मेन लाइनला अ‍ॅल्युमिनियम केबल चालेल का, का सगळे म्हणतात तसं कॉपरच टाकू, आणि मी घाईत नुसतं "चालेल की" म्हणून फोन ठेवला. नंतर रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. हे असं एका शब्दात सांगायचं काम नाहीये, म्हणून लिहितोय, लांबलं तरी शेवटपर्यंत वाच.

अ‍ॅल्युमिनियम म्हणजे दोन नंबरचा माल हे आधी डोक्यातून काढून टाक. डोंगरदऱ्यांवरून जाणाऱ्या टॉवर लाइनींच्या तारा अ‍ॅल्युमिनियमच्याच असतात, मधे ताण घ्यायला स्टील. तांब्याच्या मानाने ते वीज वाहून नेतं साधारण 61 टक्के, पण वजनाला तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे तेवढ्याच कामाला तारेचा छेद 1.6 पट मोठा घेतला तरी वजन निम्मंच भरतं. 10 स्क्वेअर एमएम (हे त्या छेदाचं माप) कॉपरच्या जागी 16 चं अ‍ॅल्युमिनियम, 16 च्या जागी 25, इथपर्यंत एक साईज वर घेतली की भागतं. पण हा हिशोब डोळे झाकून पुढे ओढायचा नाही, 25 च्या कॉपरला 35 चं अ‍ॅल्युमिनियम कमी पडतं, तिथे 50 लागतं.

आता तुझं बघू. मीटरपासून वर्कशॉप 100 मीटर म्हणालीस, लोड 40 अँपिअरचा, सिंगल फेज. कोणीतरी तुला 16 ची केबल सांगितली आणि चार्टमध्ये बघशील तर 40 अँपिअर ती आरामात नेते, तो माणूस खोटं बोलत नाहीये. पण 16 च्या अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स किलोमीटरला 1.91 ओहम, करंट जाणार 100 मीटर आणि परत येणार 100 मीटर, म्हणजे 200 मीटर धर. 0.38 ओहम गुणिले 40, 15 व्होल्ट वाटेतच गेले! 230 चे 215 झाले, केबल तापली की अजून थोडे जाणार, आणि मोटर सुरू होताना करंट सहा पटीपर्यंत ओढते त्या क्षणी तर विचारूच नको, मोटर नुसती गुणगुणत उभी राहील आणि वाइंडिंग तापेल. तेच 35 ची केबल टाकलीस तर 7 व्होल्ट जातात. म्हणून माझं मत 35. केबल किती करंट सोसते हे सगळे बघतात, लांबी कोणी विचारत नाही, तू विचार.

आता खरं सांगायचं ते सांगतो. केबल मधे जळत नाही बाळा, ती टोकाला जळते.

मी कामाला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी एका कारखान्यात 70 ची अ‍ॅल्युमिनियम केबल पॅनेलला जोडली होती. काम संध्याकाळपर्यंत संपवायचं होतं. मी कोअर, म्हणजे केबलच्या आतली एकेक तार, सोलली, होता तो तांब्याचा लग (तारेच्या टोकाला बसवायची, बोल्टसाठी भोक असलेली धातूची टोपी) चढवला, क्रिंप केला म्हणजे दाबून घट्ट बसवला, बोल्ट आवळला आणि लाइन चालू. ब्रश मारला नाही, जोडाला हवा लागू न देणारी पेस्ट लावली नाही. सहा महिने सगळं छान चाललं. मग एक दिवस पॅनेलजवळून गेलो तर जळक्या प्लास्टिकचा वास, उघडून बघतो तर तीनपैकी मधल्या फेजची स्लीव्ह तपकिरी होऊन चुरा झालेली, लगच्या तोंडाशी पांढरी भुकटी, शेजारच्या ब्रेकरचा कोपरा वितळून खाली ओघळलेला. लोड केबलच्या क्षमतेच्या निम्मासुद्धा नव्हता. रात्रपाळीला तिथे माणसं असायची, अजून ते आठवलं की हात थंड पडतात माझे.

का झालं ते समजून घे. अ‍ॅल्युमिनियम सोललं की हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो, डोळ्याला दिसत नाही, पण तो थर वीज अडवतो. शिवाय तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं आणि दाबाखाली हळूहळू सरकतं, म्हणून रोज गरम-थंड, गरम-थंड होऊन जोड सैल पडतो, सैल पडला की अजून तापतो. त्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम थेट एकमेकांना लागले आणि ओल आली की अ‍ॅल्युमिनियम खाऊन जातं, ती पांढरी भुकटी त्याचीच. अमेरिकेत 1965 नंतर तांबं महागलं म्हणून घरांच्या आतल्या वायरिंगमध्ये अ‍ॅल्युमिनियम घातलं, आणि नंतर तिथेही त्रास झाला तो स्विच-सॉकेटच्या जोडांनाच. म्हणून घराच्या आत, वर्कशॉपच्या आत, बारीक वायरिंग सगळं कॉपरचं कर, त्यात वाद नको. अ‍ॅल्युमिनियम फक्त मेन लाइनला.

तर तुझ्याकडे वायरमन टोकं जोडेल तेव्हा तू तिथे उभी राहा. लायसन्सवालाच बोलाव आणि लाइन बंद आहे हे टेस्टरने तपासल्याशिवाय हात लावू देऊ नकोस. सोलताना ब्लेडचा काप तारेला लागला तर ते टोक कापून पुन्हा सोलायला सांग, अ‍ॅल्युमिनियमची तार त्या खाचेतूनच तुटते. मग वायर ब्रश, आणि घासल्याबरोबर लगेच पेस्ट, चहापाणी नंतर. लग अ‍ॅल्युमिनियमचा, पण पलीकडे तांब्याची पट्टी असेल तर बायमेटॅलिक लग, ज्याची एक बाजू अ‍ॅल्युमिनियमची आणि दुसरी तांब्याची असते. डायमधून, म्हणजे लगच्या मापाच्या साच्यातून, क्रिंप करायचा, हातोडीने चेपलेला चालणार नाही. बोल्ट टॉर्क रेंचने (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना) ब्रेकरवर लिहिलंय तेवढाच, उगाच अंगातली ताकद लावली की मऊ धातू दबून पसरतो. आणि ब्रेकरच्या टर्मिनलवर अ‍ॅल्युमिनियम चालेल असं लिहिलंय का तेही बघ, काही ठिकाणी फक्त कॉपर लिहिलेलं असतं.

बाकीचं पटकन. तारेवरचं प्लास्टिकचं आवरण, म्हणजे इन्सुलेशन, एक्सएलपीई घे, साधं पीव्हीसी 70 डिग्रीपर्यंत सोसतं, हे 90 पर्यंत, पण म्हणून 90 पर्यंत तापवायची नाही, ब्रेकरचं टर्मिनल तेवढं सोसत नाही. जमिनीतून नेणार आहेस तर आर्मर्डच, म्हणजे आत धातूचं चिलखत असलेली. पुढे थ्री फेज घेतलीस आणि एलईडी, ड्राइव्ह (मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र), कॉम्प्युटर असला लोड जास्त असेल तर साडेतीन कोअर, म्हणजे तीन फेज पूर्ण आणि न्यूट्रल अर्ध्या जाडीची, ती नको, पूर्ण चार कोअर घे, कारण असल्या लोडचा करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारत नाही, उलट बेरीज होते आणि अर्धी न्यूट्रल तापते. केबल आली की दोन्ही टोकांना टोपी आहे का बघ, उघडी असेल तर आत पाणी शिरलेलं असू शकतं. वर साईज, व्होल्टेज, मीटरचे आकडे छापलेले असतात, पहिला आणि शेवटचा आकडा वजा करून लांबी स्वतः मोज. वळण देताना केबलच्या जाडीच्या साधारण 12 पटीपेक्षा आवळून वळवू नका.

हो आणि ते 100 मीटर तू अंदाजाने सांगितलंस ना? टेप घेऊन केबल जिथून जाणार त्या वाटेने मोज, सरळ रेषेत नको, खाली उतरणं, वर चढणं, पॅनेलमधला वळसा सगळं धरून. आकडा पाठव आणि दोन्ही बाजूच्या ब्रेकरच्या टर्मिनलचे फोटो जवळून काढून पाठव, अक्षरं वाचता आली पाहिजेत. तोवर ऑर्डर देऊ नकोस.

तुझा,
बाबा