'कोणीच करत नाही' हे छापणं जरा कमी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आमच्या भागातल्या कचऱ्याची बातमी आली, हेडिंग होतं 'ओला-सुका वेगळा करण्याकडे नागरिकांची पाठ'. बातमी खोटी नाही, मी रोज तेच बघतो. पण ती आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरल्यावर पहिला मेसेज काय आला माहितीये? "बघा, आपण एकटेच नाही." आणि त्याला अकरा अंगठे.

मी तुम्हाला बोलतोय खरा, पण हीच चूक मी स्वतः केलीये. मी कमिटीवर आहे, 72 फ्लॅटची सोसायटी. मागच्या वर्षी लिफ्टपाशी लाल स्केचपेनने नोटीस लावली की 40 घरं अजूनही कचरा एकत्र टाकतात, लाज वाटली पाहिजे वगैरे. लाज कोणाला वाटली नाहीच, उलट तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या पहिल्या दिवसापासून दोन डबे ठेवायच्या, त्यांनी ते बंद केलं. विचारलं तर म्हणे, अरे चाळीस जण करत नाहीत तर मीच का ओल्याचा वास सहन करू.

माणसांच्या सवयी कशा बदलतात हेच माझा भाचा शिकलाय, हे ऐकून तो खूप हसला. म्हणाला मामा, हा फार जुना धडा आहे. अमेरिकेत ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट म्हणून राष्ट्रीय उद्यान आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेत तिथे, आणि येणारे लोक तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने तिथे दोन प्रकारच्या पाट्या लावून बघितल्या. एकीवर साधं, कृपया तुकडे नेऊ नका. दुसरीवर, आजवर खूप लोकांनी तुकडे नेल्यामुळे जंगलाची हानी झालीये. चोरी दुसऱ्या पाटीपाशी कितीतरी जास्त झाली! म्हणजे आपण वाईट सवयीवर ओरडतो आणि समोरच्याला ऐकू येतं 'सगळेच नेतात'. (आपल्या गडांवर तटबंदीवर नावं कोरणाऱ्यांवर चिडून लिहिलेल्या पाट्या आठवा.)

दुसरा किस्सा कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसचा. उन्हाळ्यात एसीऐवजी पंखा लावा असं सांगणारी कार्डं घरोघरी दाराला अडकवली, कुठे पर्यावरण वाचवा, कुठे समाजाचा विचार करा, कुठे पैसे वाचतील, आणि काही घरांना फक्त एवढंच, की तुमचे बहुतेक शेजारी पंखा वापरतात. नंतर मीटर बघितले तर वीज सगळ्यात जास्त वाचली ती शेजाऱ्यांवाल्या कार्डाने. गंमत म्हणजे लोकांना विचारलं की वीज का वाचवता, तर शेजाऱ्यांचं कारण सगळ्यात खाली होतं. कोण कबूल करणार हो!

पण तेव्हा आमच्याकडे कचरा वेगळा न करणारेच जास्त होते, मग बहुतेक जण करतात असं खोटं थोडंच लिहिणार? तर भाचा म्हणाला, किती करतात ते राहू दे, नव्याने किती लागले ते लिही. म्हणून नोटीस बदलली, 'या महिन्यात 5 घरांनी कचरा वेगळा करायला सुरुवात केली, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंचं हाताने निवडायचं काम तेवढं कमी झालं'. नावं नाहीत, शेरे नाहीत. सहा-सात महिन्यांत कचरा वेगळा करणारी घरं 32 ची 51 झाली, काकू पण परत आल्या. उरलेल्यात दोन घरं अशी आहेत की ब्रह्मदेव आला तरी ढिम्म हलणार नाहीत, ते सोडा.

सगळं समजावूनच होतं असंही नाही, काही गोष्टी न सांगता व्हायला हव्यात. केंद्राच्या बीईईने, म्हणजे वीज बचतीचं काम बघणाऱ्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, 1 जानेवारी 2020 पासून नवीन एसी चालू केला की आपोआप 24 अंशांवर सुरू होईल असा नियम केला, कोणाला 18 हवं असेल तर त्याने बटण दाबावं. एक अंश वाढवला की साधारण 6 टक्के वीज वाचते असं तेच सांगतात. याउलट 2022 मध्ये मिशन लाइफ ही पर्यावरणाला जपून राहण्याची सरकारी मोहीम सुरू झाली, त्यात चांगल्या सवयींची 75 कलमांची यादी आहे, यादी चांगलीच आहे पण यादी वाचून कोणी बदललाय असा माणूस मला तरी भेटलेला नाही. आमची भाजीवाली जास्त हुशार. आधी "पिशवी देऊ?" विचारायची, आता "पिशवी आणलीये ना?" विचारते.

वीज बिलाचंही तसंच करता येईल. महावितरणच्या बिलावर आपल्याच मागच्या महिन्यांची युनिटं छापलेली असतात, त्याच्या बाजूला आपल्यासारख्याच घरांची सरासरी छापायला काय हरकत आहे? अमेरिकेत ओपॉवर कंपनीने लाखो घरांना असे रिपोर्ट पाठवले, वापर सरासरी 2 टक्क्यांच्या आसपास कमी झाला. फार नाही, मान्य. औष्णिक केंद्रांच्या धुराचा हिशोब सामान्य माणसाच्या पंख्याच्या बटणावर टाकून कोणी मोकळं होऊ नये हेही मान्य. पण कागद तोच, शाई तीच, मग छापा की.

तर विनंती एवढीच की घाणीच्या बातम्या जरूर द्या, प्रशासनाला झोडा, पण 'नागरिकांची पाठ' छापायच्या आधी ज्यांनी पाठ फिरवली नाही त्यांचाही आकडा विचारा.

आपला,
एक जुना वाचक, पुणे

ता.क. पत्र छापलंत तर वर 'सोसायट्यांमध्ये कचऱ्याचा बोजवारा' असलं हेडिंग देऊ नका प्लीज, काकू पेपर वाचतात.