मिल भाड्याने देण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर आपलं बोलणं अर्ध्यात तुटलं. बाबा म्हणाले, "तुले व्यवहार समजत नाही." मी म्हणाले, "तुम्ही ऐकूनच घेत नाही." तेवढ्यात दादाने फोन घेतला आणि आईच्या गुडघ्याच्या गोळ्यांची नावं सांगत बसला. म्हणून लिहायला घेतलं. पत्राचा एक फायदा आहे, मध्येच कोणाला बोलता येत नाही. दादा, तू मोठ्याने वाच. बाबांच्या हातात देऊ नकोस, डोळ्याच्या ऑपरेशनला पंधराच दिवस झालेत. आणि वाचताना स्वतःचे शेरे मारू नकोस.

आधी व्यापाऱ्याचं. मागच्या आठवड्यात तो आपल्या बंद धानाच्या मिलवर येऊन गेला. टेप लावून मोजमाप केलं, भिंतीला तळहात लावून ओल पाहिली, छताकडे बघत दोनदा "हूं" म्हणाला. धान ठेवायला बारमाही पाहिजे, महिना सहा हजार. बाबा, सहा हजार म्हणजे काय ते मला कळतं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला तर जरा जास्तच कळतं. डिसेंबरच्या तासांचे पैसे होळी झाली तरी आले नाहीत. आमची नाटकाची संस्था मिलचं भाडं म्हणून तुम्हाला महिन्याला एक हजार देते, तेही पावसाळ्यात दोन महिने थकले होते. करार एप्रिलमध्ये संपतोय. नाचगाण्यापायी महिन्याला पाच हजारांचं नुकसान कायले सोसायचं, हा तुमचा प्रश्न काही चुकीचा नाही.

आईची भीती वेगळी आहे. संस्था उद्या मिल गिळून बसेल, असं तिला कोणीतरी सांगितलेलं दिसतं. आई, आपली संस्था सात जणांची आहे. 1860 च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदली आणि 1950 च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात. उरलेला पैसा आम्हा सातांपैकी कोणालाही वाटून घेता येत नाही, दरवर्षी ऑडिट होतं. आणि मिल संस्थेच्या मालकीची नाहीच. पाच वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार आहे, बस. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नाव बाबांचंच आहे आणि घरटॅक्सची पावतीही बाबांच्याच नावाने फाटते. मागची तुझ्या देवघराच्या फडताळात आहे, पोथीखाली.

आता मिलमध्ये होतं तरी काय, ते. तुम्ही दोघं नागपूरला गेल्यापासून तुम्हाला फक्त लोकांच्या तोंडून कळतं, आणि आपल्या गावचे लोक कसे सांगतात ते मी काय सांगू.

2020 चा हंगाम कोरोनात बुडाला तेव्हाची गोष्ट आठवते का? मंडईची जत्रा नाही, नाटक नाही, वडशाच्या नाटक कंपन्या बसून. भाऊबीजेपासून होळीपर्यंत ज्या घरांची चूल नाटकावर पेटते, तिथली ढोलकी, ऑर्गन, ऑक्टोपॅड वाजवणारी पोरं सेंट्रिंगच्या कामाला चंद्रपूरला गेली. चंद्रपूरलाही काम नव्हतं, परत आली. हात सुटू नये म्हणून संध्याकाळी ती आपल्या बंद मिलमध्ये बसायला लागली. किल्ली बाबा तुम्हीच दिली होती, "आत बिडी प्यायची नाही" एवढी एकच अट घालून. मी पुण्याहून तेव्हाच परत आले होते. बाकी सगळं त्या किल्लीनंतरचं.

धान सडायचा हलर भंगारात गेला, पण त्याचा सिमेंटचा चबुतरा काही निघाला नाही. तोच आता रंगमंच. गुडघ्याएवढा उंच, चार माणसं दाटीने उभी राहतील एवढा. नटबोल्ट ग्राइंडरने कापून घेतले, एक तेवढा कापता आला नाही, त्याला लाल कापड गुंडाळून ठेवतो. वरचा पट्ट्याचा शाफ्ट जागेवरच आहे, दिवे त्यालाच टांगतो. पाऊस लागला की भिंतींतून कोंड्याचा वास येतो. आणि पत्र्यावर जोराची सर आली की कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. मग तालीम थांबवून सगळे फुटाणे खात बसतात. संस्थेला आम्ही एक चांगलं नाव दिलं होतं, पाटीही लावली. कोणी ते नाव घेत नाही. "आज मिलमधी काय हाये?" एवढंच विचारतात.

काही गोष्टी सपशेल फसल्या. दर शनिवारी पडद्यावर सिनेमा दाखवायचा घाट घातला, तर आली लहान पोट्टी आणि पाखरं. नागपूरहून एक चित्रकार आले. त्यांनी फाटके बारदाने दोरीला टांगून प्रदर्शन मांडलं. शेजारची बुढी आली, एकेक बारदाना चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाली, "बापू, मायाजवळ चांगले हायेत, देऊ का?" त्यांना राग आला. संध्याकाळच्या गाडीने गेले, बारदाने तसेच सोडून. ते आता आम्ही बसायला वापरतो. खरं सांगू? बुढीचं मला पटलं.

बाबा, तुम्ही म्हणता, गावात नाटक काय कमी आहे? हंगामात पन्नासेक कंपन्या रात्र रात्र जागवतात, तिकीट काढून लोक येतात, पाहुणे येतात, त्यात सोयरिकी जुळतात. 2023 साली आपल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरातला फोटो कापून तुम्हीच भिंतीला चिकटवला. मग आणखी ही मिल कशाला? मलाही सुरुवातीला याचं धड उत्तर देता येत नव्हतं. पुण्यात असताना जे ऐकलं ते डोक्यात होतं. 1974 पासून दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार'ने नाटकं केली, मोठ्या थिएटरात जी तिकिटावर चालली नसती अशी. तिथे धंद्याचं नाटक एका बाजूला आणि हे दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे धंद्याचं नाटक म्हणजेच गावचं नाटक, आणि त्याच्याशी माझं भांडण नाही. मिलमध्ये शिकून एक पोरगा यंदा वडशाला ऑक्टोपॅडवर लागला, दुसरा लाइटवर. होळीनंतर परत आले आणि पहिल्या दिवशी मिलमध्येच येऊन बसले.

पण कंपनीला रात्रभराचं कंत्राट असतं. तिकीट विकलं जायला हवं, म्हणून जे चालतं तेच ती करणार. दंडार म्हणणारा म्हातारा, खडी गंमतवाला, पोळ्याच्या झडत्या ज्याला शंभर पाठ आहेत तो, या जुन्या लोककलावाल्यांसाठी कोण तिकीट काढेल? आणि धानाची लावणी, आपला रोवणा, आटोपल्यापासून धान कापणीला येईपर्यंत हात रिकामे असतात, त्या दिवसांत गावात बसायला जागा कुठे आहे? पारावर पत्ते, नाहीतर मोबाइल. तालुक्याच्या सभागृहाला लग्न असलं तरच कुलूप उघडतं. बायांना तर पारही नाही.

मी एकदा कर्नाटकात हेग्गोडूला जाऊन आले होते, तुम्हाला सांगितलं नव्हतं. शिमोगा जिल्ह्यातलं सुपारीच्या बागांचं खेडं आहे. तिथल्या लोकांनी 1949 साली 'नीनासम' नावाची नाटकमंडळी काढली. पुढे के. व्ही. सुब्बण्णांनी ती वाढवली, नाट्यशाळा काढली, त्यांना 1991 साली मॅगसेसे मिळालं. सुब्बण्णा स्वतः सुपारीच्या बागेचे शेतकरी. मला मॅगसेसेचं कौतुक नाही. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या नखांत सुपारीचा डाग होता आणि तो कुठल्याशा परदेशी नाटकावर, कन्नडमध्ये, बायकोशी भांडत होता, ते माझ्या लक्षात राहिलं. भाषा कळली नाही, भांडण कळलं.

आई, हे तुझ्यासाठी. पोरींना नाचवते, लोक बोलतात, असं तू म्हणालीस. बोलतात, खरं आहे. नववीत असताना मंडळाच्या नाटकात मला एक लहानसं काम मिळत होतं. "नाटकातल्या पोरीले कोण करीन?" म्हणून तू नाही म्हणालीस. बाबा तेव्हा गावच्या नाटकाचे प्रॉम्प्टर, पण त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. मी उकरून काढत नाही. तेव्हा तू काय ऐकून घेत होतीस ते आता मला समजतं. म्हणूनच मिलचं सगळं साडेसातच्या आत संपतं. वाघाचीही भीती आहेच. सध्या मोहफुलं वेचायला बाया पहाटेही एकट्या जात नाहीत. टोल्यावरच्या वस्तीतल्या पोरींना ट्रॅक्टरवर घरी सोडतो, सोबत एकीची आजी असते आणि ती रस्ताभर सगळ्यांना शिव्या देते. त्यामुळे कोणी बोलत असेल तर ते त्या आजीसमोर बोलत नाही.

गेल्या श्रावणातलं एक सांगते. बांधीपल्याडची काकू, जी रोवण्याची टोळी नेते, ती ताडपत्री मागायला आली होती. दारातच बसली, चपला हातात धरून. पोरींनी लावून धरलं, काकू, रोवण्याचं गाणं म्हण. काकू म्हणाली, येत नाही. दोन ओळी म्हणाली आणि अडकली. पुन्हा म्हणाली, पुन्हा तिथेच. मग एकदम उठली, लुगडं खोचलं, कमरेत वाकली. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी धरल्यासारखी मूठ केली, उजव्या हाताने सिमेंटवर रोवायला लागली. एक, एक, एक, आणि एक पाऊल मागे. गाणं धडाधड आलं. तोंड खाली, आवाज जमिनीवर आपटून वर येत होता. मागे सरत सरत ती चबुतऱ्यावरच्या बोल्टाकडे चालली होती, तर एक पोरगी न बोलता जाऊन बोल्टापुढे उभी राहिली. काकूला कळलंही नाही. सात कडवी झाली. मग कंबर धरून सरळ झाली आणि विचारलं, "याचे पैसे भेटतात का?" मी म्हणाले, शिकवायला आलात तर संध्याकाळचे दीडशे. "रोवण्याले जास्त भेटते," म्हणाली, आणि ताडपत्री घेऊन गेली. पुढच्या मंगळवारी आली. तेव्हापासून एकही मंगळवार चुकला नाही, लाखोळी उपटायच्या दिवसांतले सोडून.

आता व्यवहार. बाबा, इथून नीट ऐका.

मंगळवार सोडला तर मिल दिवाळीनंतर ओस पडते. वाजवणारे, गाणारे, लाइटवाले सगळे हंगामावर जातात, ते होळीलाच परत येतात. आणि धान ठेवायची घाई नेमकी त्याच दिवसांत. मी व्यापाऱ्याला परवा हेच बोलले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार महिने तो मिल घेईल, महिना सात हजार. मी म्हणाले चालेल, पण थप्पी लाकडी फळ्यांवर लावायची आणि शाफ्टला हात लावायचा नाही. उरलेले आठ महिने संस्था तुम्हाला दीड हजार देईल. एकूण चाळीस हजार. तो बारमाही देत होता बहात्तर. बत्तीस हजारांचा खड्डा राहतोच, लपवत नाही. त्यातले दहा-बारा मी तुमच्या औषधांकडे वळते करीन, दादा काय देतो ते त्याचं तो ठरवेल. (दादा, हेही मोठ्याने वाच.) बाकीचं मी मागतेच आहे तुमच्याकडे. पत्रा गळतो त्याचा खर्च संस्था करेल, तोही नव्या करारात लिहून घ्या. नको म्हणालात तरी मी भांडणार नाही. पण नको म्हणायच्या आधी एकदा मंगळवारी येऊन बसा. छोटी रेल्वेगाडी (नॅरोगेज) असती तर निवांत आला असतात. ती 2019 ला बंद झाली, एसटीत आईचे गुडघे आखडतात हे मला माहीत आहे. डॉक्टर हो म्हणाले की दादाच्या गाडीने या.

आणखी एक. इंजिनच्या खोलीवरचा माळा साफ केला तर तुमची पत्र्याची पेटी सापडली. आत तीन वह्या, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेल्या. तुमच्या प्रॉम्प्टिंगच्या. समासात लाल पेन्सिलने लिहिलंय, "इथे टाळ्या, थांब", "हा विसरतो, आधीच सांग", आणि एके ठिकाणी "पाणी दे याले". पोरी त्या खुणा नाटकापेक्षा जास्त हसत वाचतात. त्यातलं शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं, नाटक त्यांनी घ्यायचं ठरवलंय, आपल्या शाळेतल्या जुन्या गुरुजींनी लिहिलेलं. पोरींच्या लहानपणी, 2014 ते 2021, पट बंदच होते, तेव्हा पटाच्या जोडीसाठी माणूस शेत का गहाण टाकतो हे मोठ्या काकूने येऊन समजावून सांगितलं. सगळं जमलंय, पण तिसऱ्या अंकात घोळ आहे. पटाच्या आदल्या रात्री कोणीतरी गोठ्यातून जोडी सोडून देतं. सकाळी गडी धापा टाकत येतो, म्हणतो, "धनी, बैलं सोडनाऱ्याले मी डोयानं पायलं, तो..." आणि पुढचं पान वाळवीने खाल्लंय. निम्म्या पोरी म्हणतात धाकटा भाऊ, निम्म्या म्हणतात बायको. काकू म्हणते, गड्यानेच सोडले.

तुमच्याशिवाय गावात हे कोणाला आठवत नाही. मंगळवारी सहाला मिलमधून फोन लावतो, स्पीकरवर. मोबाइल चार्ज करून ठेवा, आणि नुसतं नाव सांगू नका, गड्याचं सगळं वाक्य म्हणा.

तुमची,
छोटी