केस बुकातली वीस बाळंतपणं

माननीय संपादक,

ॲडमिशनचा सीझन आहे त्यामुळे तुमच्या पेपरात दिवसाआड नर्सिंग कॉलेजची जाहिरात असते, एएनएम, जीएनएम, बीएस्सी असे नर्सिंगचे कोर्स, होस्टेलची सोय, बसची सोय, नोकरीची हमी. लेबर रूममध्ये पोरीला किती रात्री काढायला मिळतील हे मात्र एकाही जाहिरातीत मला अजून दिसलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. लांबलं तर कापा, पण मधला भाग कापू नका.

मी एकतीस वर्षं आरोग्य खात्यात काढली, आधी उपकेंद्रात एएनएम म्हणजे गावची नर्स, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहाय्यिका. रिटायर झाल्यावर एका खाजगी कॉलेजनं पोरींना पोस्टिंगला, म्हणजे दवाखान्यात प्रत्यक्ष काम शिकायला, घेऊन जायला ठेवलं होतं, ते दोन वर्षं केलं आणि सोडलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण बाकीच्यांचंही फार वेगळं नाही.

तर झालं असं. मोठ्या सरकारी दवाखान्यात आमच्या पोरी, आणखी दोन-तीन कॉलेजच्या पोरी, शिवाय इंटर्न डॉक्टर, सगळे एकाच लेबर रूममध्ये. एका बाईच्या टेबलाभोवती मी एकदा अकरा जणी मोजल्या होत्या, त्या बाईला काय वाटलं असेल ते सोडाच. बाळ धरलं सिस्टरनं, आणि पुढच्या अर्ध्या तासात चार पोरी केस बुक (केलेल्या बाळंतपणांची नोंदवही) घेऊन माझ्यापुढे, मॅडम सही. एकच बाळंतपण चार वह्यांत! त्या पोरींच्या कोर्सला तेव्हा वीस नॉर्मल डिलिव्हऱ्या स्वतःच्या हातानं करायच्या होत्या, त्या अशा भरायच्या.

त्यातल्या एकीला, चांगली हुशार पोर होती, मी म्हटलं सही करते पण आधी सांग वार (बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती) सुटली हे कसं कळतं. तिनं धडाधड सांगितलं, नाळ खाली सरकते, रक्ताची एक धार येते, गर्भाशय गोळ्यासारखं घट्ट होऊन वर येतं. एकदम बरोबर. मग तिला शेजारच्या बाळंतिणींच्या वॉर्डात नेलं, तासाभरापूर्वी बाळंत झालेली एक बाई होती, तिच्या पोटावर हात ठेवून गर्भाशय दाखव म्हटलं. पोरीनं हात ठेवला आणि म्हणाली, मॅडम घट्ट आहे. मी हात लावला तर ती लघवीची पिशवी होती, तट्ट फुगलेली, आणि गर्भाशय बिचारं त्याच्या वर उजव्या बाजूला सरकून मऊ पडलेलं. खालचं कापड बघितलं तर भिजलेलं. बाई बाळंत झाल्यापासून लघवीला गेलीच नव्हती, तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिला सांगायची लाज वाटत होती. बेडपॅन दिला, पोट जरा चोळलं, गोळा नारळासारखा टणक झाला आणि रक्त आवरलं. दहा मिनिटांचं काम हो. पण ती दहा मिनिटं कुणी दिली नसती तर संध्याकाळी रक्ताच्या पिशव्या शोधत नातेवाईक पळत असते.

ती पोर रडवेली झाली. मी तिला रागावले नाही, तिचा काय दोष, तिनं तोपर्यंत एकाही बाळंतिणीच्या पोटाला हात लावलेला नव्हता आणि केस बुकात चौदा झाल्या होत्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण पोरींना बाळ बाहेर येईपर्यंतच शिकवतो (तेही लांबून बघून), आणि बाईचं खरं जिवावरचं असतं ते त्यानंतर. वार पडल्यावरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, गर्भाशयाचा गोळा आणि अंगावरचं रक्त बघायचं असतं, हे पुस्तकात आहे, भिंतीवर चार्ट पण लावलेला असतो. पण बाळ झालं की सगळे पेढ्याच्या मागे आणि विद्यार्थिनी पुढच्या टेबलाकडे, कारण तिथे पुढची एन्ट्री आहे. बाळ झाल्यावर मिनिटभरात गर्भाशय आवळून रक्त आवरणारं ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन द्यायचं हे सगळ्यांना पाठ असतं, ते गरमीनं खराब होऊ नये म्हणून फ्रीजमध्ये होतं का आणि रात्री लाईट किती तास गेली होती हे विचारायला कोण शिकवणार?

आणि पोरी बघतात तेच शिकतात. आयाबाई पोटावर कोपर देऊन बाळ खाली ढकलते, पोरींना वाटतं ही पद्धतच असते. सिस्टर बाईवर ओरडते, तेव्हा मजा वाटली का म्हणून, पोरी हसतात आणि वर्षभरानं त्याच ओरडायला लागतात. कळा देताना जवळ घरची एक बाई असू द्यावी असं सरकारनंच 2016 मध्ये सांगितलंय, पण अकरा विद्यार्थिनी मावतात तिथे सासू किंवा आई मावत नाही म्हणे!

कुणी म्हणेल महाराष्ट्राचं बरं चाललंय की. आहेच बरं, 2018-20 च्या आकड्यांत लाख जिवंत जन्मांमागे आपल्याकडे 33 माता गेल्या, देशात 97, आम्ही त्यासाठी पाय झिजवलेत. पण 2019-21 च्या सर्वेक्षणात आपल्या राज्यातली 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. म्हणजे गावची सुईण गेली, आता बाईच्या पोटावर जो हात पडणार तो या पोरींचाच. सुईणीच्या चुका मी कमी बघितल्या नाहीत, पण ती बाळंतपणानंतर पाच दिवस घरी यायची, बाळाला न्हाऊ घालायची, बाईचं अंग बघायची. ते यायचं बंद झालं, त्या जागी विद्यार्थिनी पाठवावी हे कुणाला सुचलं नाही. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जातात, त्यांच्यासोबत पोरींना पाठवायला काय हरकत आहे? अंगावरून जाणाऱ्याला वास येतोय का, टाके कसे आहेत, छाती दगडासारखी झालीय का, ताप आहे का, हे घरीच कळतं. बंद खोलीत शेगडीचा धूर कोंडलेला असतो आणि पाणी प्यायलीस तर पोट सुटेल म्हणून दोन घोटांवर ठेवलेली बाळंतीण असते, हे वॉर्डात बसून दिसत नाही. एक बाळंतीण बाळाकडे बघायचीच नाही, घरच्यांनी बाहेरचं झालं म्हणून लिंबू उतरवलं, पंधरा दिवस झाल्यावर आमच्यापर्यंत आली. (डिंकाचे लाडू आणि अळीव खुशाल द्या, त्याला माझा विरोध नाही.)

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, जेमतेम शाळा शिकलेल्या बाया, घराघरात बाळाजवळ बसून शिकल्या. तिथे नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि आशाताईंच्या आजच्या घरभेटी त्यावरूनच आल्यात. त्या बायांकडे केस बुक भरायची घाई नव्हती.

केंद्र सरकारनं 2018 मध्ये मिडवाइफरीचा (बाळंतपण करण्याचा) 18 महिन्यांचा वेगळा कोर्स आणला, चांगलं आहे, पण तो आधीच नर्स झालेल्यांसाठी. मुळात कच्च्या राहिलेल्यांना वरून किती लिंपणार? त्यापेक्षा प्रत्येक पोरीला तीन बाया नेमून द्या. नवव्या महिन्यापासून 42 व्या दिवसापर्यंत त्याच तीन. तपासणीला सोबत, कळांना सोबत, नंतर घरी. आणि केस बुकावर मॅडमच्या सहीच्या खाली त्या बाळंतिणीची सही किंवा अंगठा घ्या, ही पोर माझ्याजवळ होती म्हणून. मग बघू एकीचं बाळंतपण चार वह्यांत कसं जातं ते.

मी हे कॉलेजात बोलून दाखवलं होतं. उत्तर मिळालं, मॅडम, बस चार वाजता निघते. आता बाया काय चारच्या आत बाळंत होतात? माझ्या नोकरीतली निम्मी बाळंतपणं तरी रात्री झाली असतील, कंदिलावर पण केलीत. होस्टेल, मुलींची सेफ्टी, पालक परवानगी देत नाहीत, हे सगळं खरं आहे, पण दवाखान्याच्या आवारात आठ पोरींना झोपायला एक खोली आणि सोबत एक मॅडम एवढं तर जाहिरातीच्या खर्चात होईल. तुमच्या वार्ताहरानं एकदा रात्री अकरा वाजता कुठल्याही जिल्ह्याच्या लेबर रूमबाहेर उभं राहून विद्यार्थिनी किती आहेत ते मोजावं.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका, जि. परभणी