जिगसॉने आधी माझ्या भावालाच धरलं असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘सॉ’ या इंग्रजी भयपट मालिकेतल्या दहाव्या चित्रपटावरचा लेख वाचला. खुन्यालाच नायक करून ठेवलंय, तरुण पोरांनी यातून काय घ्यायचं, असा लेखकाचा सूर आहे. पोरांचं सोडा. माझं वय एकसष्ट. रात्री एक वाजता गादीवर बसून मी त्या खुन्याला ‘शाब्बास’ म्हणालो.

भयपट माझा प्रांत नव्हे. पुतण्याने मोबाइल टीव्हीला जोडला आणि म्हणाला, “काका, यात कॅन्सर बरा करणाऱ्या भोंदूंची गोष्ट आहे, तुम्ही बघाच.” ही मालिका २००४ पासूनची. तिचा खलनायक जॉन क्रेमर, म्हणजे जिगसॉ, स्वतःच्या जिवाची किंमत न ठेवणाऱ्यांना धडा म्हणून जीवघेण्या यंत्रांत अडकवणारा. तो तिसऱ्या भागात २००६ सालीच मेलेला. म्हणून २०२३च्या दहाव्या भागात गोष्ट मागे नेलीय, पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधे. त्याचं काम करणारा टोबिन बेल तेव्हा ऐंशीचा, ते लपत नाही. पण मरायला टेकलेल्या माणसाच्या कामात ते वय खपून जातं.

क्रेमरच्या मेंदूत गाठ आहे, दिवस थोडे उरलेत. मेक्सिकोत सिसिलिया नावाची एक बाई गुप्तपणे नवा उपचार करते असं कळतं. भरपूर पैसे भरून तो जातो. ऑपरेशन होतं, डोक्याला पट्टी बांधतात, गाठ गेली म्हणून सांगतात. एवढा थंड माणूस, पण जगायला मिळणार म्हणून त्याचा चेहरा उजळतो. मग एके दिवशी तो पट्टी सोडतो. खाली टाकाच नाही. कापलेलंच नाही काही. पुढची सगळी यंत्रं आणि रक्त मी विसरेन, ते कोरं डोकं विसरणार नाही.

कारण आमच्या घरात तो प्रकार होऊन गेलाय. थोरला भाऊ यंत्रमागावर होता, टॉवेलच्या कारखान्यात. रातपाळीला डोळा लागू नये म्हणून तंबाखूचा बार दाढेला धरायचा. गालात गाठ आली. बार्शीला तपासणी झाली, कॅन्सर निघाला, लगेच उपचाराला या म्हणून सांगितलं. तेवढ्यात कोणीतरी एका लॉजवर महिन्यातून एकदा येणाऱ्या बाबाचं नाव काढलं. त्या बाबाने विड्याचं पान दादाच्या गालावर घासलं आणि पानावर एक पांढरा किडा काढून दाखवला. ‘हाच तो, मुळासकट निघाला.’ वर काळी पूड, कॅलेंडरच्या पानात बांधलेल्या पुड्या. दादा तो किडा काचेच्या बाटलीत घालून घरी घेऊन आला. सगळ्यांना दाखवला. त्या रात्री त्याने दुखऱ्या गालाने कडक भाकरी मोडून खाल्ली, वर शेंगाचटणी, आणि हसत होता. चार महिने पुड्यांत गेले. पुन्हा बार्शीला नेला तेव्हा गाठ मानेत उतरली होती.

आता सांगा, जिगसॉने त्या टोळीला एकेक करून यंत्रात बसवल्यावर मी कोणाच्या बाजूने असणार? सिसिलिया तर अशी, की स्वतःची माणसं मरताना तिची पापणी हलत नाही. शेवटी एका लहान पोराला वाचवायला जिगसॉ स्वतः छळ सोसतो. खलनायकाला नायक करायची युक्ती तीच आहे, त्याला सुधारायचं नाही, समोर त्याच्याहून नीच माणूस आणून उभा करायचा. मी त्यात पुरता फसलो.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने सहावा भाग लावला. २००९चा, दिग्दर्शक तोच, केव्हिन ग्रुटर्ट. त्यात क्रेमरच्या उपचाराला पैसे नाकारणारा विमा कंपनीचा साहेब, क्रेमरने मरण्याआधी आखून ठेवलेल्या सापळ्यात सापडतो. तिथवर ठीक. पण पहिल्याच खोलीत त्याच्यासमोर जखडलेला आहे एक सफाई कामगार. त्याचा गुन्हा काय, तर तब्येत बिघडलेली असून सिगारेट ओढतो. जिवाची किंमत नाही म्हणे. दोघांनी दम रोखायचा, श्वास घेतला की छातीभोवतीचा शिकंजा आवळतो. मरतो अर्थातच सफाई कामगार.

तिथे मी रिमोट मागून घेतला. आमची आई जन्मभर विड्या वळत होती. मांडीवर सूप, कात्रीने छाटलेली पानं, संध्याकाळी हजार पुऱ्या झाल्या की नाही याची मोजणी, त्यावर आम्ही शिकलो. भाऊ तंबाखू खाणारा. जिगसॉच्या हिशेबात दादा ‘जिवाची किंमत नसलेला’च ठरला असता. रातपाळी कोणी लावली, हे ते यंत्र विचारत नाही. त्या बाबाच्या आधी त्याने माझ्या भावालाच उचललं असतं, आणि आईलाही सोडलं असतं की नाही कोण जाणे. दहाव्या भागात हे आठवू नये, याची मात्र झकास तजवीज केलेली आहे. सगळे पकडलेले पक्के नालायक, एकही झाडूवाला नाही. नाही म्हणायला सुरुवातीला एक आहे, पेशंटच्या वस्तू ढापणारा. त्याला शिक्षा नुसती जिगसॉच्या मनातल्या मनात होते, कारण तो वस्तू परत ठेवतो.

म्हणून लेखकाशी माझं भांडण एवढंच, की खुनी नायक झाला हे दुखणं नाही. तो कोणाकोणाला मारत आला ते पुसून मग त्याला नायक केलाय, हे दुखणं आहे.

पुतण्याने विचारलं, “काका, तो बाबा आज सापडला तर?” मी म्हटलं, पोलिसांत देईन. त्याला पटलं नाही, मलाही पूर्ण पटलेलं नव्हतं. असल्या उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे, त्याच्या यादीत कॅन्सरही आहे आणि मधुमेहही. जाता जाता, आपला तो लेख ज्या पानावर होता ते उलटलं की मागे खालच्या कोपऱ्यात ‘मधुमेह मुळापासून बरा, गॅरंटीसह’ अशी छोटी जाहिरात आहे. कात्रण सोबत जोडलंय.

कळावे,
आपला एक वाचक
विडी घरकुल, कुंभारी (सोलापूर)