रिपीटरच्या अँटेनासाठी काका, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अरे त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. आणि तुम्ही जे शिकवलंत ते हॅम रेडिओचा रिपीटर (कमजोर सिग्नल ऐकून तोच त्याच क्षणी जास्त पॉवरने पुढे पाठवणारं स्टेशन) उभा करणाऱ्या इतरांनाही कळावं असं फार वाटतं.

आम्ही अँटेना बघत होतो तेव्हा सगळी चर्चा गेनवर (अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटतो, ते डेसिबल म्हणजे डीबीत मोजतात), कोणाचा डीबी जास्त. तुम्ही आधी विचारलंत की हे आकडे डीबीआयमध्ये (सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत) आहेत की डीबीडीमध्ये (साध्या डायपोल अँटेनाच्या तुलनेत), कारण त्यातच २.१५ डीबीचा फरक पडतो. मग साइट उंचावर आहे म्हटल्यावर समजावलंत की गेन म्हणजे जादाची पॉवर नव्हे, वरखाली जाणारी पॉवर आडवी पसरवलेली असते, त्यामुळे डोंगरावर खूप गेनवाला अँटेना टाकला तर सिग्नल लांब जातो पण पायथ्याच्या माणसाच्या डोक्यावरून जातो.

पण सगळ्यात मोलाचं होतं ते डुप्लेक्सचं, म्हणजे एकाच वेळी ऐकायचं आणि पाठवायचं. टू मीटर बँडवर रिपीटर ऐकतो ती इनपुट आणि पाठवतो ती आउटपुट फ्रिक्वेन्सी यांच्यात जेमतेम ६०० किलोहर्ट्झ, एकाच अँटेनातून ५० वॅट बाहेर चाललेत आणि त्याच क्षणी त्याच अँटेनातून ०.२ मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकायचाय, म्हणजे १६० डीबीपेक्षा जास्त फरक! अशात आत कुठे सांधा ढिला असेल, गंजलेला असेल, किंवा दोन वेगळे धातू नुसते एकमेकांना टेकलेले असतील तर ट्रान्समिट सुरू झालं की तिथेच नॉइज तयार होतो, आणि तो बरोबर इनपुट फ्रिक्वेन्सीवर पडला तर डुप्लेक्सर (या दोन फ्रिक्वेन्सी वेगळ्या ठेवणारा फिल्टर) कितीही भारी असू दे, तो अडवणार कसा? एसडब्ल्यूआर मीटरला (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा) यातलं काही दिसत नाही. डमी लोडचा (अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर नुसती जिरवणारा रेझिस्टर) एसडब्ल्यूआर पण १:१ येतोच की, हे तुमचं वाक्य आता ग्रुपमध्ये सगळ्यांना पाठ आहे.

फायबरग्लासचे अँटेना वाईट असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत, चांगले बनवलेले वर्षानुवर्षं चालतात हे आवर्जून सांगितलंत, पण वाऱ्यात ते हलत राहतात, आतले सांधे दिसत नाहीत, आणि खरखर सुरू झाली की शोधायचं कुठे? म्हणून चार फोल्डेड डायपोलचा, डीसी ग्राउंड (सगळे भाग धातूने थेट ग्राउंडला जोडलेले) असलेला, सगळं उघड्यावर दिसणारा अँटेना सुचवलात. त्याचे तोटेही लपवले नाहीत: वजन जास्त, वारा जास्त घेतो, टॉवरच्या बाजूला लावला तर पॅटर्न एकीकडे झुकतो. तोटे आधीच माहीत असल्यामुळे मास्ट आणि क्लॅम्प त्या हिशोबाने घेता आले. माझ्या मते रिपीटरसाठी हाच विचार बरोबर आहे, एखाद-दोन डीबी कमी चालेल पण अँटेना शांत पाहिजे.

केबलच्या बाबतीतही तेच. फॉइल आणि त्यावर तारांची वेणी (ब्रेड) असलेली केबल सिम्प्लेक्सला (एका वेळी एकच, ऐकणं किंवा पाठवणं) छान, पण डुप्लेक्समध्ये तीच आवाज करू शकते, म्हणून सलग तांब्याच्या शील्डची हार्डलाइन, एन कनेक्टर, वरून सेल्फ-फ्यूजिंग टेप.

आणि ती टेस्ट! कपलरमधून (सिग्नलचा थोडासाच भाग आत सोडणारा जोड) कमजोर सिग्नल रिसीव्हरला द्यायचा, ट्रान्समीटर बंद-चालू करून फरक ऐकायचा, आधी डमी लोडवर, मग अँटेनावर. डमी लोडवर साफ आणि अँटेनावर खरखर, तर दोष वर, केबलमध्ये नाहीतर अँटेनात. इतकी सोपी गोष्ट, पण तुम्ही स्वतः रात्री उशिरापर्यंत फोनवर थांबून एकेक पायरी करून घेतलीत, हे मी विसरणार नाही.

आता भर वाऱ्यापावसात हँडहेल्डवाले (हातातल्या छोट्या सेटवरून बोलणारे) ऐकू येतात, ट्रान्समिट चालू झालं तरी रिसीव्हर दबत नाही, काही फरकच कळत नाही. टेस्टची रीडिंग मी लिहून ठेवली आहेत, पावसाळा संपला की परत घेऊन तुम्हाला पाठवतो, जरा नजर टाका.

७३ (आम्हा हॅम लोकांच्या भाषेत शुभेच्छा), काका.