बोटीबरोबर गोळ्यांचाही हिशोब ठेवा: मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: आपत्तीपूर्व मानसिक आरोग्य नियोजनासाठी तालुका व गाव पातळीवर अनुदान मिळणेबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातली निवृत्त आरोग्यसेविका. सगळी नोकरी कृष्णा-पंचगंगेच्या काठाला झाली. त्यामुळे 2005, 2019 आणि 2021 हे तिन्ही महापूर उपकेंद्रातून आणि छावणीतून बघितले. आमच्याकडे पुराची इतकी धास्ती पूर्वी नव्हती. नृसिंहवाडीच्या देवळात पाणी आलं की दक्षिणद्वाराच्या स्नानाला गर्दी व्हायची, अजूनही होते. पण 2019 साली कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि तिथून माणसं बदलली. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आता प्राथमिक शाळेतल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ आहे. जुलैत रात्री दोनला मोबाईल वाजतो, 'किती फूट?' विचारणारा जागा असतो आणि उत्तर देणाराही.

छावणीतल्या तिघांबद्दल सांगते, कारण माझी मागणी तिथूनच निघते.

तिसऱ्या रात्री एक गडी थरथर कापायला लागला, भिंतीवर कोणीतरी दिसतंय म्हणून ओरडायला लागला. लोक म्हणाले, बाधा झाली. खरं तर रोजची दारू एकदम तुटली होती. अशा अवस्थेत माणूस दगावू शकतो, त्याला ताबडतोब दवाखाना लागतो. दुसरी एक पोरगी. तिच्या फिटच्या गोळ्या घरासोबत पाण्यात राहिल्या, चौथ्या दिवशी तिला लागोपाठ झटके आले. तिसरी एक मावशी. गोठ्यातल्या चार म्हशींची दावी तिने सोडली, पाचवीची गाठ काही सुटेना आणि बोटवाला थांबेना. ती रडली नाही. छावणीत सगळ्यांना चहा देत फिरली. दिवाळीनंतर तिची झोप गेली ती गेलीच.

यातल्या पहिल्या दोघांसाठी मोठा तज्ज्ञ नको होता. मे महिन्यात केलेली एक यादी, वेळेत दवाखाना आणि पंधरा दिवस पुरतील एवढ्या गोळ्या, एवढं पुरलं असतं. मावशीला सहा महिन्यांनी दारात येऊन बसणारं माणूस हवं होतं. तोवर सगळी पथकं परत गेली होती.

पथकं आली, नाही असं नाही. चांगल्या मनाने आली. पण एकाच बाईला एकाच दिवशी तीन जणांनी 'काय काय गेलं, कसं वाटतंय' विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आधी चुलीचं बघा, मग माझं." जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, जरा वेगळ्या शब्दांत. ताज्या घावावर प्रसंग पुन्हा उगाळायला लावू नका. माणसाला सुरक्षित जागा द्या, त्याची माणसं शोधून द्या, गरज काय ते विचारा आणि ऐका. याला मानसिक प्रथमोपचार म्हणतात. आशाताई, पोलीस पाटील, कोतवाल, अंगणवाडी सेविका हे सगळे तो शिकू शकतात. मात्र पूर आल्यावर शिकवता येत नाही.

आता पैशांचं. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करावा लागतो आणि दरवर्षी तपासावा लागतो. आपत्तीतील मानसिक आरोग्याबाबत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत. 15व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी राज्यांच्या आपत्ती निधीची विभागणी करताना शंभरातले 10 रुपये पूर्वतयारी आणि क्षमतावाढीसाठी वेगळे काढले. म्हणजे कायदा आहे, कागद आहे, खातंही आहे. त्या दहा रुपयांतले किती पैसे माणसांच्या मनासाठी गेले, एवढं तालुकानिहाय जाहीर करा. मी एक आराखडा वाचला होता, त्यात बोटी, लाइफ जॅकेट, दोरखंड नगासकट मोजलेले होते. मनाबद्दल एकच ओळ होती: 'आवश्यकतेनुसार समुपदेशन करण्यात येईल.' कोण करणार, कुठे, कशाच्या पैशांतून, ते कुठेच नव्हतं.

माझी मागणी अशी. पूर आणि दरडीचा धोका असलेल्या प्रत्येक तालुक्याला दरवर्षी 5 लाख रुपये, फक्त या नियोजनासाठी, 15 मेच्या आत हातात पडतील असे. मार्चअखेर पाठवून आठ दिवसांत खर्च दाखवा, असं नको. तसे पैसे बॅनर आणि जेवणावळीत जातात, आम्ही बघितलंय. आराखडा बाहेरच्या सल्लागाराने संगणकावर करून देऊ नये, तो गावात बसून व्हावा. नियमित मानसिक आजाराची आणि फिटची औषधं घेणाऱ्यांची यादी आरोग्यसेविकेच्या कपाटात कुलूपबंद असावी. ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि व्हॉट्सॲपवर फिरली तर लोक पुढच्या वर्षी नाव देणार नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही ही गोपनीयता रुग्णाचा हक्क मानली आहे. छावणी असलेल्या कोणत्या शाळेत कोण बसणार, कोणता डॉक्टर येणार, सहा महिन्यांनी घरभेटीला कोण जाणार, हे नावानिशी लिहिलेलं असावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चांगला आहे, पण वीज जाते आणि टॉवर बंद पडतो तेव्हा तो लागत नाही.

हे जमणार नाही असं कोणी म्हणालं तर प्रेरणा प्रकल्प आठवा. मराठवाडा आणि विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत आशाताईंनी शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मनाची विचारपूस केली आहे. आणि गरज फक्त पुराच्या गावांचीच नाही. माळीण, तळीये, इर्शाळवाडीच्या दरडी झाल्या. किल्लारीच्या भूकंपाला तर 1993 पासूनची वर्षं मोजा, तिकडे जमिनीतून आवाज आला की लोक अजून घराबाहेर पळतात.

आणि काम करणाऱ्यांचंही बघा. 2019 मध्ये आमच्या एका आशाताईचं घर पाण्यात होतं आणि ती क्लोरीनच्या गोळ्या वाटत होती. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला लोकांच्या शिव्या पडल्या, त्याचं स्वतःचं घर बुडालेलं होतं हे कोणाला माहीतच नव्हतं. अनुदानात यांच्या रजेची, बदली माणसाची आणि त्यांच्याशी बोलायला कोणीतरी असण्याची सोय असावी.

आमच्या उपकेंद्रात 2021 आधी आम्ही स्वतःहून अशी यादी केली होती, खर्च एका वहीचा. त्या वर्षी फिटची एकही गोळी चुकली नाही. ती वही घेऊन मंत्रालयात यायला मी तयार आहे. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये बोलावू नका, तेव्हा मला गाव सोडता येत नाही.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर